वाचक विचारतात : त्रेपन्नांतली एक जागा

गेल्या अंकातील अमेरिकन फुटबॉलवरील लेखानंतर आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयाची आहेत. ऑगस्टअखेर व्यावसायिक संघांमध्ये जी मोठी कपात होते, तिच्यात राखीव क्वार्टरबॅकचे काय होते, असे वाचकांनी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारले आहे. हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते, मैदानावर एका वेळी तो सहसा एकच असतो आणि तो धडधाकट असेपर्यंत त्याच्या जागी दुसरा क्वचितच उतरतो. क्रिकेटच्या दौऱ्यावर नेलेला राखीव यष्टिरक्षक डोळ्यांसमोर आणला, तर पुढचे समजायला सोपे जाईल.

प्रश्न : आमचा बारा वर्षांचा मुलगा ज्या संघाचा चाहता आहे, त्या संघाच्या तिसऱ्या क्वार्टरबॅकने प्रीसीझनच्या, म्हणजे हंगामापूर्वीच्या सराव सामन्यांच्या, शेवटच्या सामन्यात गुण मिळवून देणारे दोन टचडाउन पास दिले आणि तीनच दिवसांनी संघाने त्याला काढून टाकले. मुलगा दोन दिवस नीट जेवला नाही. चांगला खेळूनही माणसाला घरी का पाठवतात, हे त्याला कसे समजावून सांगावे? (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

उत्तर : प्रथम मुलाला हे सांगा, की त्याने पाहिलेला खेळ खरोखरच चांगला होता आणि काढून टाकणे म्हणजे त्या खेळाला नापास करणे नव्हे. उन्हाळी शिबिरात प्रत्येक संघाला ९० खेळाडू ठेवता येतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार दुपारी चार वाजेपर्यंत, म्हणजे भारतात मध्यरात्रीनंतरचा दीड वाजतो तेव्हा, ही यादी ५३ वर आणावी लागते. पूर्वी ही कपात टप्प्याटप्प्याने होत असे. २०२३ पासून ती एकाच दिवशी होते. एका संघाचे ३७ जण गेले, तर ३२ संघांचे मिळून अकराशेहून अधिक खेळाडू एकाच दिवसात यादीबाहेर होतात.

आता ५३ ची वाटणी पाहा. सामन्याच्या दिवशी त्यांतील ४८ जणांनाच पोशाख चढवता येतो. शेवटच्या सहा-सात जागांवर जे येतात, त्यांच्याकडून प्रशिक्षकांची अपेक्षा असते ती किक झाल्यावर चाळीस यार्ड धावत जाऊन चेंडू घेणाऱ्याला पाडण्याची, पंटच्या, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारण्याच्या, वेळी आडवे उभे राहण्याची, एखादा सहकारी लंगडत बाहेर आला की त्याची जागा घेण्याची. क्वार्टरबॅक यांपैकी काहीच करत नाही. म्हणून तिसऱ्या क्वार्टरबॅकची तुलना पहिल्या दोघांशी होते असे आपल्याला वाटते, पण बैठकीच्या खोलीत त्याचे नाव पाचव्या लाइनबॅकरच्या (बचावपटूच्या) किंवा नवव्या लाइनमनच्या (पुढच्या फळीतल्या खेळाडूच्या) नावाशेजारी लिहिलेले असते, आणि त्या तुलनेत तो सहसा हरतो. शिवाय प्रीसीझनच्या शेवटच्या सामन्यात, विशेषतः चौथ्या क्वार्टरमध्ये (सामन्याच्या शेवटच्या चतुर्थांशात), समोरच्या संघाचेही तेच खेळाडू उभे असतात ज्यांना तीन दिवसांनी जायचे असते. त्या पासांची किंमत प्रशिक्षक त्या हिशेबाने करतात आणि शिबिरातील महिनाभराच्या सरावाला अधिक वजन देतात.

अपवाद होतात. २००० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्सने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, १९९ व्या क्रमांकावर घेतलेल्या टॉम ब्रेडीला चौथा क्वार्टरबॅक म्हणून ठेवून घेतले. एका जागेसाठी जीव टाकणाऱ्या यादीत चार क्वार्टरबॅक ठेवणे तेव्हाही विचित्र वाटावे असेच होते. पुढच्या वर्षी २३ सप्टेंबरला पहिला क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो जबर जखमी झाला, ब्रेडी मैदानात उतरला आणि त्याच हंगामाच्या अखेरीस संघाने सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाचा अंतिम सामना, जिंकला. उलट, कर्ट वॉर्नरला १९९४ च्या शिबिरातून ग्रीन बे पॅकर्सने काढले, त्यानंतर तो आयोवातील एका किराणा दुकानात रात्रपाळीला फळ्यांवर माल लावत होता. १९९९ च्या प्रीसीझनमध्ये सेंट लुइस रॅम्सच्या ट्रेंट ग्रीनचा गुडघा गेला, वॉर्नरला संधी मिळाली, आणि तोही सुपर बोल जिंकूनच थांबला. मुलाला ही दुसरी गोष्ट अवश्य सांगा, मात्र असे क्वचितच घडते हेही सांगा. बारा वर्षांच्या मुलाला दोन्ही पेलते.

प्रश्न : मुलगा डॅलसला असल्यामुळे गेली दोन वर्षे ऑगस्टमध्ये माझा मुक्काम तिकडेच असतो. नातू म्हणाला, "आजी, त्याला आज काढलंय, पण उद्या परत घेणार आहेत." एकदा काढून पुन्हा घेणे ही नियमाला दिलेली बगल आहे, की यात काही अर्थ आहे? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि नातवाची माहितीही बरोबर आहे. येथे दोन प्रकारचे खेळाडू असतात. ज्यांच्या नावावर चार हंगाम जमा झालेले नाहीत, त्यांना काढले की ते थेट मोकळे होत नाहीत. त्यांचे नाव 'वेव्हर'च्या यादीत जाते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत इतर कोणताही संघ त्यांच्यावर हक्क सांगू शकतो. एकाहून अधिक संघांनी हक्क सांगितला, तर गेल्या हंगामात खाली राहिलेल्या संघाला प्राधान्य मिळते. मात्र हक्क सांगणाऱ्या संघाला त्या खेळाडूला आपल्या ५३ जणांत जागा द्यावी लागते, म्हणजे आपल्याकडचा एक माणूस कमी करावा लागतो. कोणी हक्क सांगितला नाही, तर खेळाडू मोकळा होतो आणि बहुतेक वेळा त्याच संघाच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर, म्हणजे १६ जणांच्या सराव तुकडीत, परत येतो.

दुसरा प्रकार चार किंवा अधिक हंगाम खेळलेल्यांचा. त्यांना या दिवसांत वेव्हरमधून जावे लागत नाही. काढले की त्याच क्षणी ते कोणाशीही करार करायला मोकळे. आपल्या नातवाने सांगितलेली गोष्ट बहुधा अशाच खेळाडूची असावी. संघात एखादा जखमी खेळाडू असतो, त्याला हंगामात पुढे परत आणायचे असते, आणि त्यासाठी सहसा त्याचे नाव आधी ५३ जणांत दाखवून दुसऱ्या दिवशी जखमींच्या यादीत टाकावे लागते. त्या एका रात्रीपुरती जागा हवी म्हणून अनुभवी राखीव क्वार्टरबॅकला विचारले जाते, "आज तुला काढतो, उद्या परत घेतो, तोवर दुसरीकडे जाऊ नकोस." यातले काहीही कागदावर नसते. मला या व्यवहारात लबाडी दिसत नाही. उलट, ज्याच्या शब्दावर संघ एवढी जोखीम घेतो, त्या माणसाविषयी आदर वाटतो, कारण त्या रात्री दुसऱ्या संघाने जास्त पैसे देऊ केले, तर त्याला अडवणारा कोणताही नियम नाही.

तरुण खेळाडूंच्या बाबतीत मात्र ती वीस तासांची वाट फार अवघड असते. शिबिरात पहाटे दारावर टकटक होते आणि निरोप येतो, "कोचने बोलावलंय, प्लेबुक घेऊन ये." आता प्लेबुकच्या, म्हणजे संघाच्या चालींच्या, जाडजूड फाइलऐवजी टॅब्लेट परत करावा लागतो, पण त्या वाक्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक असतो.

प्रश्न : जो माणूस वर्षभर खेळतच नाही, तो दुसरा क्वार्टरबॅक आठवडाभर करतो तरी काय? (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : हा प्रश्न मला स्वतःला अनेक वर्षे पडत असे, आणि त्याचे उत्तर मिळाले ते ग्रीन बेच्या उन्हाळी शिबिरात, कुंपणालगतच्या बाकावर बसून. पहिला क्वार्टरबॅक आपल्या जोडीदारांना चाल सांगत होता. त्याच्यामागे दहा-बारा यार्डांवर दुसरा उभा होता. चेंडू त्याच्याकडे येणार नव्हता आणि त्याच्याकडे कोणी पाहतही नव्हते. तरी चाल सुरू होताच तो पाच पावले मागे सरकला, डोके आधी डावीकडे, मग मधोमध, मग उजवीकडे वळवले आणि रिकामा हात खांद्यावरून पुढे आणला. चेंडू खरोखर कुठे गेला हे पाहून त्याने स्वतःशीच मान हलवली; आपण दुसरीकडे टाकला असता, असे काहीतरी त्याच्या मनात आले असावे. पुढच्या चालीला पुन्हा तेच. तासाभरात मी हे पंधरा-वीस वेळा पाहिले.

त्याला असे करावे लागते, कारण हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या फळीबरोबरच्या सरावाच्या जवळजवळ सगळ्या चाली पहिल्या क्वार्टरबॅकच्या वाट्याला जातात. बुधवार आणि गुरुवारच्या जड सरावात दुसऱ्याचे मुख्य काम असते येत्या रविवारच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करण्याचे. सहायक प्रशिक्षक एक मोठे कार्ड वर धरतो. त्यावर प्रतिस्पर्धी संघाची एक चाल आखलेली असते. दुसरा क्वार्टरबॅक ती चाल आपल्या संघाच्या बचावफळीसमोर चालवून दाखवतो. समोरचा क्वार्टरबॅक धावण्यात पटाईत असेल, तर याने धावायचे; तो चेंडू हातात फार वेळ धरत असेल, तर यानेही धरायचा. पास अडवला जाणार हे दिसत असले, तरी कार्डावर बाण जिकडे आहे तिकडेच टाकायचा, कारण त्या क्षणी त्याचे काम बचावफळीला तयार करण्याचे असते. असा आठवडा काढून झाल्यावर, रविवारी दुसऱ्याच चालीला पहिला क्वार्टरबॅक पडला, तर याने स्वतःच्या संघाची संपूर्ण योजना, एकदाही न चालवता, पाठ असल्यासारखी चालवायची असते.

सामन्याच्या दिवशी तो सीमारेषेवर टॅब्लेटवरची छायाचित्रे पाहून बचावफळी कुठे सरकत आहे हे पहिल्याला सांगतो. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ असतो आणि प्रशिक्षकाचा आवाज चालीच्या घड्याळात १५ सेकंद उरले की बंद होतो. तोवर जे सांगायचे ते सांगून व्हावे लागते. म्हणूनच दोन चालींमधल्या आणि दोन आक्रमणांमधल्या वेळात शांतपणे, नेमके बोलणारा माणूस प्रशिक्षकांना शेजारी हवा असतो. माझ्या मते, दुसऱ्या क्वार्टरबॅकची निवड करताना हात किती जोरदार आहे यापेक्षा हा गुण अधिक पाहिला जातो, आणि तसेच व्हायला हवे.

प्रश्न : जानेवारी २०२३ मध्ये फिलाडेल्फियाविरुद्धच्या सामन्यात आमच्या फोर्टीनायनर्सकडे पास टाकायलाच कोणी उरले नव्हते. एवढ्या श्रीमंत संघाकडे तिसरा क्वार्टरबॅक नसावा, हे अजून पचत नाही. (एक वाचक, सॅन होजे, कॅलिफोर्निया)

उत्तर : आपल्या पत्रातील कळकळ मला समजते, कारण या एका संघाच्या एका हंगामात राखीव क्वार्टरबॅकचा सगळा प्रश्न सामावलेला आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोने, म्हणजे आपल्या फोर्टीनायनर्सने, ट्रे लान्सला पहिला क्वार्टरबॅक ठरवले होते. जिमी गरोपोलो दुसऱ्या संघाकडे जाईल असे सगळे धरून चालले होते, पण कपातीच्या आदल्या दिवशी त्याचा नवा करार झाला आणि तो राहिला. मग तिसऱ्या जागेचा प्रश्न आला. एकीकडे अनुभवी नेट सडफेल्ड होता आणि दुसरीकडे त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटच्या, म्हणजे २६२ व्या, क्रमांकावर घेतलेला ब्रॉक पर्डी. संघाने सडफेल्डला सोडले. पर्डीला सराव तुकडीत आणायचे, तर आधी वेव्हरमधून जाऊ द्यावे लागले असते आणि कोणीतरी त्याला उचलण्याचा धोका होता. म्हणून त्याच्यासाठी ५३ मधली जागा खर्च केली.

दुसऱ्याच सामन्यात लान्सचा घोटा मोडला. ४ डिसेंबरला गरोपोलोचे पाऊल मोडले. पर्डी उतरला, तो सामना जिंकला, आणि त्यानंतर सुरुवातीपासून खेळलेले सातही सामने जिंकत संघाला उपांत्य फेरीपर्यंत घेऊन गेला. गरोपोलो गेल्यावर दुसऱ्या क्रमांकासाठी संघाने डेन्व्हरच्या सराव तुकडीतून जॉश जॉन्सनला उचलले. सराव तुकडीतील खेळाडूला कोणताही संघ आपल्या ५३ मध्ये घेऊ शकतो. दर आठवड्याला फक्त चार नावे सुरक्षित ठेवण्याची मुभा मूळ संघाला असते. चौदा संघांचा पोशाख घातलेला जॉन्सन हा या व्यवस्थेचा चालताबोलता नकाशाच आहे.

२९ जानेवारीला पहिल्याच आक्रमणात पर्डीच्या कोपराचा अस्थिबंध फाटला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये जॉन्सनच्या डोक्याला मार बसला आणि डॉक्टरांनी त्याला परत येऊ दिले नाही. पर्डी पुन्हा मैदानात आला, पण त्याला चेंडू काही यार्डांपलीकडे फेकता येत नव्हता. संघाने बहुतेक चाली धावण्याच्या केल्या आणि ३१-७ असा पराभव पत्करला. तिसरा क्वार्टरबॅक पोशाखात ठेवण्याला नियमाची आडकाठी नव्हती, पण त्याने ४८ पैकी एक जागा खाल्ली असती. १९९१ ते २०१० या काळात आणीबाणीचा तिसरा क्वार्टरबॅक सामन्याच्या यादीबाहेर राहून तयार ठेवता येत असे. २०११ मध्ये ती सोय काढून टाकली गेली आणि बहुतेक संघ दोघांवर भागवू लागले. इशारा आधीच मिळाला होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी कोविडच्या नियमांमुळे डेन्व्हरचे सगळे क्वार्टरबॅक बाहेर राहिले आणि केंडल हिंटन नावाच्या सराव तुकडीतील रिसीव्हरला (पास झेलणाऱ्या खेळाडूला) त्या जागी उतरावे लागले. कॉलेजात तो काही काळ क्वार्टरबॅक होता, एवढाच आधार. नऊ पासांपैकी एक पूर्ण झाला, तेरा यार्डांचा, आणि संघ ३१-३ असा हरला. एका दिवसाच्या तयारीवर तो मुलगा मैदानात उभा राहिला, याबद्दल त्याचे मोल मी फार मानतो. नियम मात्र तेव्हाही बदलला नाही.

फिलाडेल्फियाच्या सामन्यानंतर चारच महिन्यांत, मे २०२३ मध्ये, संघमालकांनी जुनी सोय परत आणली. आता तिसऱ्या क्वार्टरबॅकला सामन्याच्या यादीबाहेर ठेवून तयार ठेवता येते. पहिले दोघे जखमी झाले किंवा पंचांनी बाहेर काढले, तरच तो येऊ शकतो. वाईट खेळतात म्हणून त्यांना बसवून त्याला आणता येत नाही, आणि दोघांपैकी एकाला डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली, की त्याने बाहेर यायचे. सुरुवातीला हा तिसरा ५३ मधलाच असावा अशी अट होती. २०२४ मध्ये सराव तुकडीतील क्वार्टरबॅकलाही ही मुभा मिळाली. ही दुरुस्ती मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिसऱ्या क्वार्टरबॅकसाठी लाइनमनचा बळी देण्याची गरज तिने बरीच कमी केली.

प्रश्न : बाकावर बसणाऱ्या क्वार्टरबॅकला पैसे किती मिळतात? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : फरक प्रचंड आहे. २०२५ च्या हंगामात नवख्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होते, तर सराव तुकडीतील नवख्याला आठवड्याला १३ हजार डॉलर, म्हणजे अठरा आठवडे टिकल्यास २ लाख ३४ हजार. वेतनाचे हप्ते पहिल्या सामन्याच्या आठवड्यापासून सुरू होतात. शिबिरात मिळते ती तुलनेने किरकोळ रक्कम. म्हणूनच त्या मंगळवारी कपात झालेल्याचे नुकसान एवढे मोठे असते. दुसऱ्या टोकाला चेस डॅनियलसारखा राखीव क्वार्टरबॅक, ज्याने साऱ्या कारकिर्दीत पाचच सामन्यांना सुरुवात केली आणि चार कोटी डॉलरहून अधिक कमावले.

प्रश्न : चाळिशीकडे झुकलेल्या क्वार्टरबॅकला संघ पुन्हा पुन्हा का घेतात? ती जागा एखाद्या तरुणाला देऊन त्याला घडवता येणार नाही का? (एक वाचक, शिकागो)

उत्तर : घडवायचे तर वेळ हवा, आणि सरावाच्या चाली पहिल्याच्या वाट्याला जातात हे वर सांगितलेच आहे. ज्या संघाला याच वर्षी जिंकायचे आहे, त्याला असा माणूस हवा असतो ज्याने पूर्वी शंभर वेळा हे बचाव पाहिलेले आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये जो फ्लॅको ३८ वर्षांचा होता आणि कोणत्याही संघाकडे नव्हता. पहिल्या क्वार्टरबॅकचा, देशॉन वॉटसनचा, खांदा गेल्यावर क्लीव्हलँडने त्याला सराव तुकडीत घेतले. त्या हंगामात त्यांना एकूण पाच क्वार्टरबॅकना सामन्याची सुरुवात द्यावी लागली. फ्लॅकोने सुरुवात केलेल्या पाच सामन्यांपैकी चार जिंकले आणि संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पोहोचला.

वय म्हणजे हमी नव्हे, हेही मान्य करायला हवे. २०११ मध्ये मानेच्या शस्त्रक्रियेमुळे इंडियानापोलिसचा पहिला क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग बाहेर गेला. हाताशी असलेल्या राखीव खेळाडूंवर संघाचा भरवसा नव्हता, म्हणून ऑगस्टच्या अखेरच्या दिवसांत निवृत्त झालेल्या केरी कॉलिन्सला बोलावले. तोही ३८ वर्षांचा होता. त्याने सुरुवात केलेले तिन्ही सामने गेले, मग त्याच्या डोक्याला मार बसला, आणि आदल्या वर्षी दहा सामने जिंकलेला संघ दोन विजयांवर थांबला. माझ्या मते दोष कॉलिन्सच्या वयाचा नव्हता. मॅनिंग वर्षानुवर्षे एकही सामना चुकवत नसे, म्हणून दुसऱ्या जागेकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले होते, आणि दोन आठवड्यांत ते भरून निघण्यासारखे नव्हते.

याच्या नेमके उलट केले ते १९७२ मध्ये मायामीचे प्रशिक्षक डॉन शूला यांनी. बॉल्टिमोरने क्वार्टरबॅक अर्ल मॉरलला वेव्हरवर टाकले होते. हंगाम सुरू झाला तेव्हा वय तेच, ३८. शूला यांनी त्याला बॉल्टिमोरमध्ये शिकवलेले होते. त्याचे डोके कसे चालते हे त्यांना माहीत होते. हंगाम सुरू होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी त्याला मायामीत घेतले. पाचव्या सामन्यात पहिल्या क्वार्टरबॅकचा, बॉब ग्रीसीचा, पाय मोडला आणि मॉरल उतरला. नियमित हंगामातील उरलेले सगळे सामने आणि प्लेऑफचा पहिला सामना त्याने जिंकून दिला. उपांत्य सामन्यात सुरुवात त्याने केली, शेवट बऱ्या झालेल्या ग्रीसीने केला, आणि सुपर बोल ग्रीसी खेळला. सतरापैकी सतरा सामने जिंकणारा तो एकमेव संघ. मॉरलला वेव्हरवरून उचलण्यासाठी मायामीने भरलेले शुल्क होते १०० डॉलर.